घरी गोड, जॅमरूममध्ये चिरका: छोटा मॉडेलिंग अँप मोठ्या आवाजावर बसवताना

फ्लॅटमध्ये मास्टर, म्हणजे एकूण आवाजाचा नॉब, जेमतेम दोनवर ठेवून बनवलेला गिटारचा पॅच (अँपमध्ये सेव्ह केलेली नॉबांची मांडणी) जॅमरूममध्ये सातवर नेला की ओळखू येत नाही. खालची ई तार ढुम्म करते, वरच्या तारा कानात टोचतात, आणि जिच्यासाठी एवढी खटपट केली ती मधली गिटार ड्रम सुरू झाल्याबरोबर गायब होते. मग ठरलेलं वाक्य येतं: हा अँप कामाचा नाही, ट्यूबवालाच घ्यायला हवा होता. बहुतेक वेळा अँपमध्ये काही खोट नसते. पॅच भलत्याच आवाजावर बनलेला असतो, एवढंच.

खालचं सगळं बॉस कटाना 50 मार्क 2 हा मॉडेलिंग अँप (वेगवेगळ्या अँपचे आवाज डिजिटल नक्कल करून काढणारा) समोर ठेवून लिहिलं आहे: 50 वॅट, 12 इंची एकच स्पीकर, पॅनेलवर 0.5, 25 आणि 50 वॅटचा पॉवर कंट्रोल, आणि पॅच ठेवायला चार जागा. फेंडर मस्टँग, ब्लॅकस्टार आयडी कोअर, व्हॉक्स किंवा लाइन 6 चे 20 ते 50 वॅटचे अँप असले तरी काम हेच. मेन्यू वेगळे, नॉब तेच.

आधी कारण, कारण ते कळलं की निम्मे नॉब आपोआप जागेवर येतात. बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी 1933 साली मोजून दाखवलं की कानाला सगळ्या फ्रीक्वेन्सी सारख्या ऐकू येत नाहीत, आणि हा फरक आवाज किती मोठा आहे त्यावर बदलतो. हळू आवाजात खालचा बेस फारच कमी पोचतो, अगदी वरचं टोकही थोडं दबतं. म्हणून घरी आपण नकळत बेस सातवर, ट्रेबल सातवर आणि मिड तीनवर नेऊन ठेवतो. एकट्याने वाजवताना ते छानच लागतं. तोच पॅच तीस-चाळीस डेसिबलने वर नेला की कानाची बेसबद्दलची उदासीनता संपते, आणि घरी भरून काढलेली तूट आता थेट जादा बेस म्हणून अंगावर येते. सोसायटीत राहणाऱ्याचा नाइलाज असतो. निवासी भागाची कायद्यातली मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, तर ड्रमसकट वाजणाऱ्या जॅमरूमचा आकडा शंभराच्या आसपास. या दोन टोकांना एकच पॅच पुरणार नाही. घरचे दोन आणि बाहेरचे दोन असे सरळ वेगळे ठेवावेत. हेडफोनवर बनवलेला पॅच तर बाहेर नेऊच नये, कारण त्यात स्पीकरचा आणि खोलीचा वाटाच नसतो.

बाहेरचा पॅच बनवायला जॅमरूम एक तास एकट्याने घ्यावी. बँडच्या वेळेत नॉब फिरवत बसलं की ड्रमर वाट बघता बघता आणखी जोरात वाजवायला लागतो आणि सगळी मापं बिघडतात. आधीच्या सरावात एक गोष्ट मात्र करून ठेवायची: ड्रमर नेहमीच्या जोरात वाजवत असताना आपल्या उभं राहण्याच्या जागी फोनवरच्या साउंड मीटर अ‍ॅपने आकडा घ्यायचा. फोनचा आकडा अचूक नसतो, पण तोच फोन तीच जागा असेल तर तुलनेला चालतो. एकट्याच्या तासाला अँप त्याच आकड्याच्या जवळपास आणायचा आणि मगच टोनला हात घालायचा.

कानाचं आत्ताच सांगून ठेवतो. अमेरिकेतल्या नायॉश संस्थेच्या शिफारशीप्रमाणे 85 डेसिबलला रोज आठ तास चालतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. म्हणजे 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. इअरप्लग हवेतच, पण मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे घालून टोन करायला बसू नये. ते वरच्या फ्रीक्वेन्सी जास्त अडवतात, म्हणून माणूस ट्रेबल वाढवत जातो आणि समोरचे लोक कान धरतात. सगळ्या फ्रीक्वेन्सी साधारण सारख्या कमी करणारे, संगीतकारांसाठीचे फिल्टरवाले प्लग मिळतात, ते घ्यावेत. नसतील तर प्लग काढून अर्धा मिनिट ऐकायचं, परत घालायचे.

सुरुवात कोऱ्या पाटीवर. बूस्टर, मॉड, डिले, रिव्हर्ब हे सगळे इफेक्ट बंद. अँप क्लीनवर (न फाटणारा साफ आवाज; क्रंच, लीड, ब्राउन हे जास्त फाटणारे प्रकार), बेस-मिड-ट्रेबल बारा वाजताच्या जागी, पॉवर कंट्रोल 50 वर. 25 वरून 50 वर गेल्याने आवाज दुप्पट होत नाही, फक्त तीन डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात आणि त्यासाठी दहापट वॅट हवेत. त्यामुळे '50 घेऊ की 100' या प्रश्नावर जितका जीव टाकला जातो तितकी त्याची लायकी नाही. पण तीन तर तीन, ते आपल्याला हवेत.

आता कटानावर आवाजाचे तीन नॉब आहेत आणि इथे बरेच जण गोंधळतात. गेन म्हणजे किती फाटायचं. व्हॉल्यूम म्हणजे त्या पॅचची पातळी, आणि ती पॅचसोबत सेव्ह होते. मास्टर म्हणजे सगळ्यांचा मिळून आवाज, तो कुठल्याच पॅचमध्ये सेव्ह होत नाही. व्हॉल्यूम मधोमध ठेवून, ब्रिज पिकअपवर मोकळा ई कॉर्ड जोरात मारत मास्टर चढवत न्यायचा. एका ठिकाणी खालच्या तारेच्या सुरुवातीला 'फट्' असा कोरडा, कापडी आवाज येतो. तो गोड ट्यूबसारखा फाटणारा आवाज नसतो. पॉवर सेक्शनची किंवा स्पीकरच्या हालचालीची मर्यादा आलेली असते. ती जागा लक्षात ठेवायची आणि तिच्या अलीकडे राहायचं.

हे क्लीनवरच का करायचं? क्लीन आवाजात तारेला प्लेक्ट्रम लागल्याचा क्षण उंच सुळक्यासारखा असतो आणि बाकीचा सूर त्याच्या बराच खाली. डिस्टॉर्शनमध्ये तो सुळका आधीच छाटला गेलेला असतो, त्यामुळे तेवढ्याच वॅटमध्ये डिस्टॉर्शन कितीतरी मोठं ऐकू येतं. बँडमध्ये अँप पहिल्यांदा कमी पडतो तो क्लीन अंतऱ्यात, कोरसमध्ये नाही. म्हणून छत क्लीनने ठरवायचं, आणि मग क्रंच व लीडचे पॅच त्यांचा व्हॉल्यूम उतरवून क्लीनच्या बरोबरीला आणायचे. उलट केलं, म्हणजे लीडवर आवाज लावून क्लीन वर ओढायला गेलं, की क्लीन फाटतं.

क्लीनमधून आणखी थोडी जागा काढायची असेल तर हलका कंप्रेसर लावावा. सस्टेन कमी आणि लेव्हल एवढीच की चालू-बंद केल्यावर आवाज सारखाच वाटेल. सुळका जरा बसतो आणि मास्टर थोडा आणखी वर जातो. भरपूर कंप्रेसर लावला की मात्र प्लेक्ट्रमचा टणका जातो आणि गिटार ड्रमच्या मागे जाऊन बसते.

यानंतरचं काम मुख्यतः काढून टाकण्याचं आहे, आणि सगळ्यात आधी काढायचा बेस. आकडे बघा: गिटारच्या खालच्या ई चा मूळ सूर 82.4 हर्ट्झ, बेस गिटारच्या ई चा 41.2, आणि किक ड्रमचा दणका साधारण 50 ते 100 च्या पट्ट्यात. शंभराच्या खाली गिटारला बँडमध्ये कुणी विचारत नाही. तिथे बेस गिटार आणि किक आधीच बसलेले आहेत. पण अँपच्या वॅटचा मोठा वाटा याच पट्ट्यात खर्च होतो, आणि स्पीकरच्या शंकूची हालचालही इथेच सगळ्यात जास्त. टोन स्टुडिओमध्ये (कटानाचं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर) पॅरामेट्रिक ईक्यू, म्हणजे हवी ती फ्रीक्वेन्सी निवडून कमी-जास्त करायची सोय, उघडून लो कट (त्याखालचं सगळं कापणारा) 100 हर्ट्झवर लावला, ड्रॉप डीवर (खालची ई तार डी पर्यंत उतरवून) वाजवत नसलो तर 125 वर, की दोन गोष्टी होतात. ढुम्म कमी होतं, आणि मघाची 'फट्'ची जागा पुढे सरकते. म्हणजे बेस काढल्यामुळे अँप जास्त मोठा वाजतो. एकट्याने ऐकताना आवाज पातळ वाटेल. वाटू द्या. बेस गिटारवाला आला की तो भरून काढतो.

पॅनेलवरचा बेस नॉब बाहेरच्या पॅचमध्ये चारच्या पुढे क्वचितच लागतो. लहान खोक्याच्या अँपमध्ये आणखी एक भानगड असते: 150 ते 250 च्या दरम्यान कुठेतरी खोकं स्वतःच घुमतं आणि पाम म्यूट केल्यावर (तळहात टेकवून तारा दाबून वाजवल्यावर) पत्र्याच्या डब्यावर थाप मारल्यासारखा आवाज येतो. ती जागा शोधायला त्याच ईक्यूचा लो-मिड पट्टा सहा-आठ डेसिबल वर उचलायचा, फ्रीक्वेन्सी हळूहळू फिरवायची, सगळ्यात वाईट जिथे लागेल तिथे थांबायचं, आणि तोच पट्टा उणे तीन-चारवर न्यायचा. ईक्यू अँपच्या आधी बसवायचा की नंतर हे निवडता येतं. या कामाला नंतर.

मिडबद्दल घरच्या सवयीच्या नेमकं उलट जायचं. नॉब सहा ते सातवर. 500 ते 800 हर्ट्झला गिटारचं अंग असतं, एक ते दोन किलोहर्ट्झला तिचं बोलणं. मिड खोदून काढलेला आवाज एकट्याने भव्य वाटतो, पण बँडमध्ये बेस गिटार त्याचा खालचा भाग झाकते, झांजा वरचा भाग झाकतात आणि मध्ये उरलेलं काहीच नसतं. गाणाऱ्याचे शब्द मात्र दोन-तीन किलोहर्ट्झच्या आसपास स्पष्ट होतात, त्यामुळे तिथे उगाच उचलू नये, नाहीतर गायकाशी कायमचं भांडण. दोन गिटार असतील तर दोघांनी मिडच्या वेगळ्या जागा घ्याव्यात, एकाने 600 च्या आसपास, दुसऱ्याने 1,200 च्या. दोघांचे पॅच एकसारखे असले की दोन गिटार मिळून एक गढूळ गिटार तयार होते.

ट्रेबलचं गणित जागेशी बांधलेलं आहे, आणि छोट्या अँपवाल्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. माणसाचा कान तीन ते चार किलोहर्ट्झला सगळ्यात तिखट असतो. दुसरीकडे, 12 इंच म्हणजे तीस सेंटिमीटरचा स्पीकर साधारण एक किलोहर्ट्झच्या वर आवाज चहूकडे पसरवायचं सोडून टॉर्चसारखा समोर फेकायला लागतो. अँप जमिनीवर आणि वाजवणारा त्याच्यापासून दोन फुटांवर उभा असेल तर ती टॉर्च त्याच्या पोटऱ्यांवर पडते. त्याला स्वतःला आवाज बोथट लागतो, तो ट्रेबल वाढवतो, आणि चार मीटर समोर बसलेल्याच्या कानात सुई जाते. उपाय अगदी घरगुती आहे. अँप दुधाच्या प्लॅस्टिकच्या क्रेटवर ठेवून मागे रेलवायचा, किंवा लाकडी खुर्चीवर चढवायचा, स्पीकरचा मध्य आपल्या छाती-कानाकडे येईल असा. क्रेटचा दुसरा फायदा म्हणजे पोकळ लाकडी स्टेज अँपसोबत घुमत नाही. प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाळाव्यात, त्या स्वतःच वाजतात.

मग सहा मीटरची केबल लावून स्पीकरच्या अगदी समोर, तीन-चार मीटरवर जाऊन ऐकायचं आणि तिथे ट्रेबल ठरवायचा. साधारण साडेचार-पाचवर येतो. वरची वाळू चाळल्यासारखी खरखर राहिलीच तर हाय कट आठ किलोहर्ट्झवर, हाय गेन पॅचला 6.3 वर. गिटारचा स्पीकर तसाही पाच किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो, त्यामुळे चांगलं असं काही हरवत नाही. भिंतीपासून अँप निदान फूट-दीड फूट पुढे ठेवावा. कोपऱ्यात ढकलला की दोन भिंती आणि जमीन मिळून बेस फुगवतात आणि मघाची सगळी मेहनत पाण्यात. काही जण मुद्दाम कोपऱ्यात ठेवतात, आवाज 'भरतो' म्हणून. आठ इंचाचा अँप असेल तर ती युक्ती खरंच चालते. 12 इंचाला नको.

आता गेन. घरी सात असेल तर इथे चार-साडेचार. हळू आवाजात सूर लांबवायला आणि जाड करायला गेन लागतो. मोठ्या आवाजात स्पीकरची हवा तारांना स्वतःच थरथरवत ठेवते, त्यामुळे सूर आपोआप लांबतो. शिवाय जास्त गेनमध्ये सुळका पूर्ण सपाट होतो, प्लेक्ट्रम लागल्याचा क्षणच राहत नाही, आणि बँडमध्ये गिटार ऐकू येते ती त्या क्षणामुळे. तपासायला दोन गोष्टी पुरतात. गिटारवरचा व्हॉल्यूम सहावर आणला की आवाज बऱ्यापैकी साफ झाला पाहिजे. आणि तीन तारांचा मायनर कॉर्ड वाजवला की तिन्ही सूर वेगळे कळले पाहिजेत. चिखल झाला तर आणखी अर्धा आकडा खाली.

जड रिफसाठी ब्राउनवर गेन आठ करण्यापेक्षा क्रंच किंवा लीड पाचवर ठेवून पुढे बूस्टरमध्ये टी-स्क्रीम (ट्यूब स्क्रीमर पेडलची नक्कल) लावावं: टोन स्टुडिओतल्या आकड्यांत ड्राइव्ह शून्य ते दहा, लेव्हल 60-70, टोन मधोमध. मूळ ट्यूब स्क्रीमर पेडलचं सर्किट साधारण 720 हर्ट्झच्या खालचा भाग क्लिपिंगच्या आधीच कमी करतं, त्यामुळे खालच्या तारा फाटताना पसरत नाहीत. पाम म्यूट एकदम 'ठक्' असा बंद होतो. दोन्ही पद्धती एकामागोमाग ऐकल्या की फरक सांगावा लागत नाही.

रिव्हर्बला फार शब्द नकोत. घरी चाळीस असेल तर जॅमरूममध्ये पंधरा, आणि फरशी-काचेच्या हॉलमध्ये शून्य, कारण हॉल स्वतःच फुकट देतो. डिलेची लेव्हलही उतरवायची, आणि त्याचा हाय कट तीन-चार किलोहर्ट्झवर आणायचा, म्हणजे मागचे सूर पुढच्या सुरांच्या पायात येत नाहीत.

बँड आल्यावर पहिल्या गाण्यात गिटार ऐकू आली नाही तर हात मास्टरकडे जातो. तो आवरायचा. आधी मिड अर्धा आकडा वर, बेस अर्धा खाली, मग ऐकायचं. पाचपैकी चार वेळा तेवढ्यावर भागतं. सोलोची तजवीज मात्र आधीपासून करावी लागते. सोलो वर यायला तीन-चार डेसिबल लागतात आणि ते अँपच्या नंतरच्या ईक्यूतून द्यायचे, लेव्हल अधिक तीन आणि 800 ते 1,000 हर्ट्झला दोन डेसिबल. गेन वाढवून सोलो वर येत नाही, उलट दबतो. आणि हे तीन-चार डेसिबल मिळण्यासाठी ऱ्हिदमचे पॅच छताच्या तेवढेच खाली असावे लागतात. सगळे पॅच छताला टेकवून ठेवले की सोलोचं बटण दाबल्यावर फक्त दिवा पेटतो.

गिटारकडेही बघावं. मोठ्या आवाजात नेक पिकअपची खालची तार बहुतेक वेळा ढब्ब होते. पिकअपची बेसकडची बाजू स्क्रूने अर्धा-एक फेरा खाली घेतली की सगळ्या ईक्यूपेक्षा चांगला उपाय होतो. साध्या व्हिंटेज पद्धतीच्या सिंगल कॉइलला शेवटचा फ्रेट दाबून मोजल्यावर खालच्या तारेखाली 2.4 आणि वरच्या तारेखाली 2 मिलिमीटर अंतर ही सुरुवातीची जागा. पावसाळ्यात जॅक आणि पॉट कुरकुरायला लागतात. घरी ते जाणवत नाही, इथे प्रत्येक हालचालीला खर्रर्र. कॉन्टॅक्ट क्लीनर पॉटच्या फटीत एकदा मारून नॉब वीस वेळा फिरवला की बहुतेक जातं.

हिस आणि हम या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. हिस गेनमुळे असतो. त्याला नॉइज सप्रेसर: गिटार लावलेली, तिचा व्हॉल्यूम पूर्ण, हात तारांवर सपाट, आणि थ्रेशोल्ड (कितीच्या खालचा आवाज बंद करायचा ती पातळी) शून्यापासून चढवत हिस बंद होईल तिथे थांबायचं. मग एक सूर लांबवून त्याची शेपटी कात्रीने कापल्यासारखी तुटते का बघायचं. तुटली तर थोडा मागे. हम आपल्याकडे 50 आणि 100 हर्ट्झचा. सिंगल कॉइलला तो असणारच, पण खोलीत उभ्या उभ्या गोल फिरलं की एका दिशेला जवळजवळ नाहीसा होतो, ती दिशा धरून उभं राहायचं. मांडवात डिमरवरचे दिवे आणि सजावटीच्या माळा अँपच्या बोर्डावर असतील तर गुणगुण थांबणारच नाही. अँपला वेगळ्या सॉकेटमधून वीज घ्यावी.

तारांना हात लावला की गुणगुण कमी होते, हे नेहमीचंच आहे. पण तारांना हात असताना ओठ माइकला लागून झिणझिण्या आल्या तर तिथेच वाजवणं थांबवायचं. बहुतेकदा सॉकेटचं अर्थिंग गेलेलं असतं. सॉकेटला लावायचा तीन दिव्यांचा टेस्टर बॅगेत असावा. हम जावा म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक प्रत्येक गावात भेटतात. त्यांचं ऐकू नये. मिक्सरशी जोडल्यावर ग्राउंड लूपची गुणगुण आली तर त्यासाठी ग्राउंड लिफ्टवाला डीआय बॉक्स (अँप आणि मिक्सरच्या मध्ये जोडायची डबी) आहे.

फीडबॅकची किंकाळी येते तेव्हा आधी गेन, मग उभं राहण्याची जागा, आणि सगळ्यात शेवटी ईक्यू. स्पीकरकडे गिटारचं तोंड करून दोन फुटांवर उभं राहिलं तर कुठलाही अँप ओरडेल. एकाच सुरावर खालच्या पट्टीत घुमत असेल, विशेषतः पोकळ बॉडीच्या गिटारला, तर तेवढ्या फ्रीक्वेन्सीला अरुंद कट द्यावा.

कधी कधी आवाज पॅचमुळे फाटत नसतोच. ए किंवा जी अशा एखाद्याच सुराला भणभण येते, बाकी साफ. ती खोक्याची असते. फोनवरच्या टोन जनरेटरचा साधा सूर ऑक्स इनमधून (बाहेरचं उपकरण जोडायचा जॅक) द्यायचा, मध्यम आवाजात, आणि 80 पासून 400 हर्ट्झपर्यंत हळू चढवायचा. भणभण आली की तिथे थांबून एक-एक जागा हाताने दाबत जायची: मागच्या फळीचे स्क्रू, हँडल, जाळी, जॅकची चकती, स्पीकरचे चार-आठ नट. जिथे दाबल्यावर आवाज मेला ती जागा. बहुतेकदा मागच्या फळीचा एक स्क्रू सैल असतो आणि पाव फेऱ्यात काम होतं. नट मात्र समोरासमोरचे आळीपाळीने आणि हलक्या हाताने आवळायचे, पिळून काढले तर स्पीकरची चौकट वाकडी होते.

स्पीकर बदलण्याचा मोह होतो, आणि तो अगदीच वाया जात नाही. एका वॅटला एक मीटरवर किती डेसिबल, हा आकडा बघायचा. सेलेशनच्या व्हिंटेज 30 चा तो 100 आहे. मूळ स्पीकर 97 चा असेल तर तीन डेसिबल फुकट मिळाले, म्हणजे वॅट दुप्पट केल्यासारखंच. पण वॅटची सहनशक्तीही बघायची: ग्रीनबॅक 98 डेसिबलचा आणि आवाजाला मऊ असला तरी 25 वॅटचा आहे, 50 वॅटच्या अँपमध्ये एकटा टिकणार नाही. ओहम मूळ स्पीकरएवढेच हवेत. आणि वॉरंटी चालू असेल तर खोकं उघडू नये.

एवढं करूनही मोठ्या हॉलला किंवा उघड्या मैदानात अँप पुरत नाही, पुरायचं कारणही नाही. कटाना 50 चा फोन/रेक आउट (हेडफोन आणि रेकॉर्डिंगसाठीचा जॅक) लावला की अँपचा स्पीकर बंद होतो, त्यामुळे स्टेजवर स्वतःला ऐकू यायला मॉनिटरवर विसंबावं लागतं. म्हणून माइक बरा. शुअर एसएम 57 जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, शंकूच्या मधली गोल टोपी जिथे संपते त्या काठासमोर. टोपीच्या मध्यावर नेला की तिखट, बाहेर कडेला नेला की बोथट, आणि हा फरक एकेका सेंटिमीटरला पडतो. नॉब फिरवण्याआधी माइक सरकवावा. जाळीतून टोपी दिसत नसेल तर मोबाइलची बॅटरी मारून जागा हेरायची आणि जाळीवर कागदी टेपचा तुकडा चिकटवून ठेवायचा. माइक लागला की मास्टर खाली आणता येतो, आणि अँप खुर्चीवर बसून आपला मॉनिटर होतो. आठ इंची आणि त्याहून लहान अँपने ड्रमसोबत वाजवायचं तर हाच एक रस्ता.

रिकाम्या हॉलमध्ये साउंडचेकला ट्रेबल जरा जास्त वाटला तर लगेच कापू नये. माणसं भरली की अंगावरचे कपडे तो पिऊन टाकतात. बेस मात्र तेवढाच राहतो.

सेव्ह करताना एक खोड लक्षात ठेवायची. पॅच बदलला तरी पॅनेलवरचे नॉब आपल्या जागी तसेच असतात, सेव्ह केलेल्या किमती दाखवत नाहीत. लीडच्या पॅचमध्ये बेस चार सेव्ह आहे, पण नॉब क्लीनच्या वेळचा सातवर उभा आहे, आणि चालू गाण्यात 'जरासा' कमी करायला गेलं तर किंमत चारवरून एकदम सातच्या शेजारी उडी मारते. पूर्ण बँडच्या आवाजात ती उडी भयंकर लागते. सगळे पॅच टोन स्टुडिओतून लॅपटॉपवर उतरवून ठेवायचे, आणि कार्यक्रमाला निघताना गेन, व्हॉल्यूम आणि ईक्यूच्या नॉबांवर कागदी टेपची एक आडवी पट्टी मारायची. मास्टर तेवढा उघडा.